स्पिरिटचा स्टोव्ह घेऊन दापोडी ते बंडगार्डन

अन्याय झाला तो देवराव रामटेके यांच्यावर. डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी, दुपारी पावणेएक वाजता, मुळा नदीत, संगमाच्या थोडं अलीकडे, एका फायबरच्या होडीत. करणारे आम्ही, म्हणजे आमचा नदी-गट. मी त्या गटात आहे आणि त्या होडीतही होते. कोणावर, कधी, कुठे आणि कोणी, हे पहिल्या दमात सांगून टाकायचं अशी पत्रकं लिहून लिहून मला सवय लागली आहे. सांगून टाकलं. आता प्रवासाला निघू, कारण पावणेएकपर्यंतचा तो दिवस खरंच झकास गेला.

पुण्यात राहून पुण्याचंच प्रवासवर्णन कसलं लिहिता, असं तुम्ही विचाराल. विचारा. मी शनिवार पेठेत वाढले, दिवसातून चारदा पूल ओलांडते आणि प्रत्येक वेळी नाकाला ओढणी लावते. नदीबद्दल मला तेवढंच ठाऊक होतं. आपल्या शहरात हल्ली दर महिन्याला एक काचेची इमारत उभी राहते. बाहेरच्या निळ्या काचांत ढग दिसतात, आत संगणकांवर अमेरिकेची कामं चालतात, आणि सांडपाणी कुठे जातं असं विचारलं की रखवालदारापासून मॅनेजरपर्यंत सगळे एकाच दिशेला हात करतात, "खाली." ते खाली नेमकं काय आहे हे बघायला आम्ही निघालो होतो. दापोडीच्या पुलापासून बंडगार्डनच्या बंधाऱ्यापर्यंत होडीने जायचं, आणि वाटेत नदीत पडणारा प्रत्येक नाला नकाशावर टिपायचा.

होडी मंदारची. मंदार सॉफ्टवेअरवाला, आमच्या गटातला सगळ्यात मवाळ माणूस. कंपनीने त्याला वर्षभर युरोपातल्या एका बंदराच्या गावी पाठवलं होतं. तिथून परत येताना लोक परफ्यूम आणतात, यानं स्टोव्ह आणला. बसकी स्टीलची पेटी, वर भांडं ठेवायला जाळी, आत एक गोल डबा. डब्यात बोळा गच्च भरलेला, त्यावर बारीक जाळी. बोळा स्पिरिट पिऊन बसतो आणि वरच्या वर जळत राहतो. पंप नाही, पिन नाही, आवाज नाही, आणि होडी कलली तरी आतलं इंधन सांडत नाही. "तिकडे बोटींवर हाच असतो," मंदार म्हणाला. दोन्ही काठांवर चिखल आणि जलपर्णी, उतरून चूल मांडायला जागा नाही. म्हणून जेवण होडीतच करायचं ठरलं.

स्पिरिट आणायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी संध्याकाळी बुधवार पेठेत गेले. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानांच्या गर्दीमागे एक रंग-रसायनांचं जुनं दुकान आहे. मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कशाला हवंय?"

"स्वयंपाकाला."

"गॅस मिळत नाही का तुमच्याकडे?"

"होडीवर करायचाय."

"होडी कुठे आहे?"

"मुळेत."

त्यांनी वही पुढे केली, माझं नाव-पत्ता लिहून घेतलं, सही घेतली. मग जांभळट रंगाचा कॅन काउंटरवर ठेवला. "हे सरबत नाही. दुकानदाराने हे तोंडाने सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे कोणी विचारलं तर सांगायला बरं."

मी आभार मानले. त्यांनी ते स्वीकारले नाहीत.

शनिवारी सकाळी सातला दापोडीच्या पुलाखाली पोचले तेव्हा रामटेकेकाका होडीत येऊन बसलेही होते. कानटोपी, हातविणीचा स्वेटर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी वार्निश, थिनर, स्पिरिट असल्या पेटणाऱ्या गोष्टींच्या विभागात काढली, शेवटची वर्षं आग विझवणाऱ्या पथकात. मूळचे भंडाऱ्याकडचे, लहानपणी वैनगंगेत डोंगा (एकाच लाकडातून कोरलेली होडी) चालवलेले. आता रविवारी सकाळी बोपोडीच्या बुद्धविहारात मुलांचा अभ्यास घेतात. जानेवारीपासून आमचा गट शाळेच्या मुलांना होडीतून नदी दाखवणार होता, आणि ती होडी काकांच्या हाती असावी एवढीच त्यांची इच्छा होती. मुलांच्या नावांची यादी त्यांच्या स्वेटरच्या आतल्या खिशात होती. त्यांनी मला ती दाखवली, पुन्हा तशीच घडी घातली आणि आत ठेवली.

"पुलावरून दगड मारायलाच शिकतात पोरं," ते म्हणाले. "एकदा पाण्यावर बसवतो. मग नाही मारणार."

निघण्याआधी काकांनी स्टोव्ह भरला. मी घरी रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हवर वाढलेली, मला वाटलं दोन मिनिटांचं काम. काकांनी डबा पेटीतून बाहेर काढला, होडीच्या मागच्या टोकाला नेला आणि दोन गुडघ्यांत धरून तिरका केला. कॅनमधून बारीक धार सोडली. बोळा पीत गेला, पीत गेला, आणि तोंडाशी जांभळी चकाकी दिसली तशी धार थांबवली. मग डबा फडक्यावर उपडा धरून जास्तीचं टपकू दिलं. डबा पुसला. हात साबणाने धुतले. कॅनचं झाकण घट्ट लावून कॅन थेट पुढच्या टोकाला, फळीखाली, वर ओलं पोतं.

"आणि दिवसभरात परत भरायचं झालं तर," काका म्हणाले, "आधी गार होऊ द्यायचा."

"किती वेळ?"

"गार होईपर्यंत. माझ्या हाताला गार. तुझ्या घाईला नाही."

मंदारने काडी लावली. काहीच दिसेना. ऊन वर आलं होतं आणि शेगडीवर नुसती हवा थरथरत होती.

"विझला," मी म्हणाले.

काकांनी मिठाच्या डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन शेगडीवर भुरभुरवलं. भसकन पिवळा जाळ उमटला आणि मिठाबरोबर नाहीसा झाला. "उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही," ते म्हणाले. "डोळ्यावर भरवसा नाही ठेवायचा. मिठाला विचारायचं."

चहा व्हायला वीस मिनिटं लागली. "तिकडे कोणाला घाई नसते," मंदार स्टोव्हच्या बाजूने बोलला. "इकडे चहाचीच घाई असते," काका म्हणाले, "बाकी कशाचीच नाही." चहा मात्र पहिल्या प्रतीचा होता.

मग आम्ही निघालो, आणि मला माझं शहर पहिल्यांदा पाठीमागून दिसलं. रस्त्यावरून इमारतींची नावं दिसतात, नदीतून त्यांच्या मोऱ्या. एका बंगल्याच्या मागच्या भिंतीवर वाळत घातलेली सतरंजी, एका देवळाच्या मागे निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांचा डोंगर, लष्करी हद्दीच्या कुंपणाशी शिट्टी मारून "फोटो नाही!" असं ओरडणारा पहारेकरी. मंदारने कॅमेरा इतक्या घाईने लपवला की तो पोह्यांच्या डब्यात गेला. पोहे आम्ही नंतर कॅमेऱ्यासकट बाहेर काढले आणि खाल्ले. आणि पक्षी! काळ्यापांढऱ्या शेकाट्या (लाल काटकुळ्या पायांचे पाणपक्षी) त्या घाणीत अशा डौलात चालत होत्या, जणू त्यांच्यासाठीच कोणी ती जागा राखून ठेवली होती.

खडकीच्या रेल्वे पुलाखाली एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता. आम्ही नकाशा पसरून बसलेलो बघून त्याने हाक मारली.

"काय मोजताय वो?"

"नाले," मी म्हणाले.

"आन् मोजून?"

"सरकारला यादी देणार."

"त्यांनीच पाईप घातल्यात न्हवं? मग यादी त्यांच्याकडंच आसंल की. तुमी कशाला उन्हात बसताय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दोन पानी होतं आणि होडी पुढे चालली होती. त्याने एक चिलापी मासा वर धरून दाखवला. "न्या कालवणाला!" मंदार म्हणाला, "नको नको, या पाण्यातला..." आणि जीभ चावली. "आमी खातोय की," तो माणूस म्हणाला. त्याला राग आलेला नव्हता. आम्हाला लाज वाटली, वाटायलाच हवी होती.

होळकर पुलाच्या पुढे जलपर्णीने वाट अडवली. वल्ही अडकली. मी शूरपणे काठावर उडी मारली, गुडघ्यापर्यंत चिखलात गेले आणि वर आले ती एका चपलेनिशी. दुसरी तिथेच आहे, कोणाला सापडली तर ठेवून घ्या. त्या गडबडीत तासभर गेला आणि भुकेने सगळ्यांची तोंडं बारीक झाली. काका पुढच्या टोकाला उभे राहून बांबूने जलपर्णी बाजूला करत होते. मंदार नकाशावर नाले टिपत होता. खिचडीचं पातेलं माझ्याकडे होतं.

साडेबाराच्या सुमाराला खिचडीचं रटरटणं थांबलं. तांदूळ अजून कच्चे होते. शेगडीवर डोकावले, काही दिसेना.

"काका, स्पिरिट संपलं!"

"पातेलं उतरव आणि तसाच राहू दे त्याला," काका पाठमोरेच म्हणाले. "गार झाला की मी भरतो."

मी पातेलं उतरवलं. पाच मिनिटं थांबले. मंदारने वाकून बघितलं आणि म्हणाला, "बंद आहे गं, काहीच दिसत नाहीये." तेवढं मला पुरलं. घरी आम्ही चालत्या स्टोव्हची हवा सोडतो, रॉकेल ओततो आणि परत पंप मारतो, आजवर काही झालं नाही. शिवाय मी स्वतःला सावध समजत होते. कॅन तिकडे नेला नाही, काकांच्या पाठीमागे फळीखालीच उघडून स्टीलच्या पेल्यात थोडंसं स्पिरिट घेतलं आणि तेवढंच शेगडीवर ओतलं. मिठाला विचारलं नाही.

भक् असा आवाज झाला आणि माझ्या भुवया गेल्या. हातातला पेला सुटला. होडीच्या तळात काय पसरतंय ते दिसेना. दिसलं ते एवढंच, की चटईची कड आपोआप वळत चालली आहे आणि नकाशाचा कोपरा काळा होत आत सरकतो आहे. काका एका ढांगेत मागे आले. डाव्या हाताने त्यांनी पेटता डबा पेटीसकट माझ्यापासून दूर ढकलला, उजव्या हाताने नदीत बादली बुडवली.

आणि मी त्यांचा उजवा हात धरला.

"पाणी नाही, काका! स्टोव्हच्या आगीवर पाणी नाही टाकायचं!"

दोन्ही हातांनी धरला, सगळ्या ताकदीने. मंदार ओरडत होता. चटई पेटली होती. काकांच्या डाव्या बाहीला ती न दिसणारी ज्योत लागलेली होती आणि लोकर आक्रसत होती.

"पोरी," काका म्हणाले, अगदी हळू, "हात सोड. स्पिरिट आहे ते. पाण्यात विरघळतं. आणि पाण्यातच बसलोय आपण."

मी सोडला. त्यांनी पहिली बादली स्वतःच्या बाहीवर आणि चटईवर ओतली, दुसरी स्टोव्हवर, तिसरी सगळ्या तळात. आग गेली. म्हणजे गेली असावी, कारण काकांनी मीठ भुरभुरवून खात्री करून घेतली.

एक खंड्या समोरच्या तारेवर बसून आमच्याकडे बघत होता. काकांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते. नदीचं पाणी त्यावर घालवत नव्हतं, म्हणून आम्ही पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार त्या हातावर रिकामा केला.

"कुठे वाचलंस ते, पाणी टाकू नये म्हणून?" काकांनी विचारलं.

"मीच लिहिलंय," मी म्हणाले.

खरं होतं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात ते पिवळं पत्रक असेल. स्टोव्ह भडकून बायका भाजत होत्या, म्हणून मी ते लिहिलं होतं. चौथी ओळ अशी आहे: "रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट! कोणत्याही स्टोव्हच्या आगीवर पाणी टाकू नका!" रॉकेल आणि पेट्रोल बरोबर आहे. ती पाण्यावर तरंगतात आणि आग पसरते. स्पिरिट मी का घातलं? तीन शब्दांचा ठेका घोषणेत चांगला बसतो म्हणून. कोणाला विचारलं नव्हतं.

काका हसले. "हाव (होय)," म्हणाले, "ठेका चांगला आहे." मग त्यांनी एका हाताने अर्धकच्ची खिचडी वाढली आणि सोबत ठेचा. सगळी संपली. संध्याकाळी बंडगार्डनच्या बंधाऱ्याशी लागलो तेव्हा पाण्यावर नारिंगी बदकांच्या जोड्या उतरत होत्या आणि आम्ही तिघंही धुराच्या वासाची, काळी, ओली माणसं होतो. रिक्षावाल्याने वास घेतला, माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "बसा. मी काही विचारत नाही."

तो दिवस इथे संपला असता तर मी ही गोष्ट हसत हसत सांगत फिरले असते.

सोमवारी सायबर कॅफेत गटाचा ईमेल उघडला. मंदारने प्रवासाचा अहवाल पाठवला होता. त्यात एक वाक्य होतं: "स्टोव्ह हाताळणाऱ्या मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे किरकोळ आग लागली." मदतनीस! मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"अरे, ओतलं मी!"

"चिल यार," तो म्हणाला. "कॅम्पेनचा चेहरा तू आहेस. स्टोव्हवाल्या पत्रकाच्या बाईनेच स्टोव्ह पेटवला असं बाहेर गेलं तर आपल्याला कोण सीरियसली घेईल? काकांचं काय, ते रिटायर्ड आहेत. त्यांना काय फरक पडतो?"

मी दोन मिनिटं भांडले. मग गप्प बसले. रस्त्यावर कोणावरही आवाज चढवणारी मी, इथे गप्प बसले, कारण गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं. पुढच्या बैठकीत ठरलं की मुलांची होडी रामटेके यांच्याकडे नको, एखाद्या प्रशिक्षित तरुणाकडे द्यावी. काका हाताला पट्टी बांधून मागच्या रांगेत होते. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. त्यात मी कुठेच नाही.

तीन आठवडे मला मिठाच्या बरणीकडे बघवेना. शेवटी रविवारी दुपारी खडकीला गेले. काकांचं घर स्टेशनजवळ, दोन खोल्यांचं. काकूंनी चहा टाकला. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि ओट्यावरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे माझं पिवळं पत्रक होतं, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून लावलेलं. चौथ्या ओळीत "स्पिरिट" या शब्दावर पेन्सिलची सरळ रेघ होती, आणि शेजारी बारीक अक्षरात: "स्पिरिटला पाणी. भरपूर. बादलीने."

"काका, हे कधी खोडलंत?"

"तू विहारात वाटलीस ना, त्याच दिवशी." म्हणजे होडीत त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

"आलो होतो सांगायला. तू भाषणात होतीस. नंतर तुझ्याभोवती गर्दी होती." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "आणि बाकीचं पत्रक चांगलं होतं. म्हणून लावलं."

मुलांच्या नावांची यादी त्यातल्याच एका खिळ्याला अडकवलेली होती. खिशातून निघून ती भिंतीवर आली होती.

मुळेवरून परत येऊन आता महिना होईल. नाल्यांची यादी आम्ही तयार केली आहे, नकाशाचा एक कोपरा जळलेला आहे, पण नाले जागच्या जागी आहेत. मला नदीबद्दल पुष्कळ कळलं आणि तेही मी पुढे लिहीन. पण आधी हे. स्टोव्ह मी पेटवला. पाणी मी अडवलं. काकांचा हात माझ्यामुळे भाजला, आणि होडी माझ्या गप्प बसण्यामुळे गेली. येत्या रविवारी सकाळी दहाला, नेहमीच्या जागी, गटाची खुली बैठक आहे, आणि मी हे सगळं तिथे उभी राहून सांगणार आहे. मंदारला कळवलंय. तो म्हणाला, "बरं." त्याच्याकडून एवढंही पुष्कळ आहे.

माझ्या एकटीच्या सांगण्याने होडी परत मिळणार नाही. तिथे मतं लागतात, आणि जो येईल त्याला मत असतं. तेव्हा हे वाचून झालं की उठा, स्वयंपाकघरात जा आणि ते पिवळं पत्रक शोधा. चौथ्या ओळीतला "स्पिरिट" हा शब्द खोडा, शेजारी काकांनी लिहिलंय तेच लिहा. ते पत्रक घेऊन रविवारी बैठकीला या. आणि मुलांची होडी कोणाच्या हाती द्यायची असं विचारलं जाईल, तेव्हा हात वर करा आणि मोठ्याने म्हणा: देवराव रामटेके.